तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ

कल्याणच्या एका छापखान्यात मी चौतीस वर्षं मुद्रितं तपासली. डाव्या हाताला मूळ प्रत, उजव्या हाताला छापून आलेला कागद, आणि दोन्हींत फरक कुठे पडला ते शोधायचं. मला तेवढंच येतं. तेही नीट येतं की नाही, याची खात्री निवृत्त होईपर्यंत नव्हती. आमचा जुना फोरमन भिवा म्हणायचा, "दगडू, दोन प्रती जुळल्या नाहीत की खिळे जुळवणाऱ्याला शिव्या देण्याआधी स्वतःचा चष्मा पूस." चष्मा पुसायची सवय मला तेव्हापासून आहे.

त्यामुळे पुतणी प्रियांकाचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो.

"काका, गिटारचे दोन पेडल आणलेत. कुठलं ठेवायचं ते तुम्ही सांगा."

"मला काय कळतं त्यातलं?"

"म्हणून तर! ज्यांना कळतं ते सगळे भांडतायत. तुम्ही नुसता फरक सांगा."

शनिवारी दुपारी मी आंबिवलीहून बाळकुमला गेलो. प्रियांका आणि तिचा नवरा सुमित अकराव्या मजल्यावर राहतात. खिडकीतून खाली जुन्या गावाची उरलीसुरली कौलं आणि लांबवर खाडीची राखाडी पट्टी दिसते. पलंगावर गिटार होती आणि जमिनीवर ते पेडल, म्हणजे गिटारच्या वायरीला जोडायच्या दोन लोखंडी डब्या, एक निळी, एक तांबडी. माजिवड्याच्या दुकानदारानं ओळखीवर दोन दिवसांसाठी दिलेल्या. सोमवारी एक परत करायची होती.

अडचण साधी होती. बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारासमोर गायनाचा कार्यक्रम असतो. त्यात माझ्या धाकट्या भावाचं, म्हणजे प्रियांकाच्या वडिलांचं, एक गाणं दर वर्षी होतं. रत्नदीपला जाऊन सहा वर्षं झाली. गाणं त्यानं काळी पाचमध्ये बांधलेलं. ते गाणाऱ्या मायाताईंचा आवाज आता वयानं उतरला आहे, त्यांना काळी तीन लागते. सुरुवातीचा तुकडा रत्नदीपनं गिटारच्या मोकळ्या तारांवर बसवला होता. तारा तेवढ्या सैल केल्या तर त्या खडखडतात. म्हणून हे पेडल. बोटं होती तिथेच ठेवायची आणि चकती फिरवायची. आतलं यंत्र सूर चार पायऱ्या खाली उतरवून देतं.

"बाबांची बोटं बदलायची नाहीत मला," प्रियांका म्हणाली.

शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाज हेडफोनमधूनच ऐकायचा होता, आणि हेडफोन एकच होता. तिनं तो माझ्या कानांवर चढवला, मला पाठ करून बसवलं आणि वही हातात दिली. कुठली डबी चालू आहे ते मला कळू द्यायचं नव्हतं.

माझ्यासमोर लोखंडी कपाट होतं. त्याच्या आरशात मागचा पलंग दिसत होता आणि प्रियांकाचा उजवा हातही. डब्या पलंगाच्या आड होत्या. म्हणजे फसवणूक होत नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

पहिली डबी. सूर खाली उतरला, पण किंचित पातळ झाला, पाणी घातलेल्या शाईसारखा. आणि एक बारीकसा उशीर होता. आरशात बोट तारेवर पडायचं आणि सूर त्याच्या मागून यायचा. मी मोठ्यानं म्हणत वहीत लिहिलं : 'एक. पातळ. जरा मागे.'

"बरोबर पकडलंत," प्रियांका म्हणाली. "यंत्राला सूर समजून घ्यायला वेळ लागतो ना. आता दुसरी."

दुसरीचा सूर भरलेला होता. मूळ गिटारच तशी असावी इतका. मी ते लिहिलं. मग आरशाकडे पाहिलं आणि पेन्सिल थांबली.

सूर आधी येत होता, बोट मागून पडत होतं.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. फरक पापणी लवण्याइतका, पण नक्की.

"ही तांबडी का?"

"आरशात बघितलंत! चीटिंग!"

"नाही गं. तू जरा ऐक बरं हिचा आवाज. पुढेमागे काही वाटतं का?"

तिनं हेडफोन घालून वाजवून पाहिलं. "निळीसारखीच थोडी मागे आहे. का हो?"

"काही नाही. माझंच काहीतरी."

तरी स्वस्थ बसवेना. मी हेडफोन परत घेतला आणि तिला चकती एक-एक पायरी फिरवायला सांगितली. एका पायरीला फरक कळतच नव्हता. पाच पायऱ्यांना मनात 'एक' म्हणण्याइतका. आठला मी सावकाश तीनपर्यंत मोजू शकलो. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मला मजा येत होती. फार वर्षांनी एखादा फरक सापडला होता जो दुसऱ्या कुणाला दिसला नव्हता.

"आता मनाला येतील ते चार सूर वाजव," मी म्हणालो. "ठरवून नको. आणि वाजवण्याआधी जरा थांब."

ती थांबली. हात मांडीवर होता. माझ्या कानात चार सूर वाजले. ते मला सारेगमच्या अक्षरांत कसेबसे ओळखता येतात. मी लिहिले : सा, प, ग, ग. मग आरशातला हात उचलला गेला.

वाजवून झाल्यावर मी वही तिच्यापुढे धरली.

"अय्या काका! तुम्हाला काही कळत नाही म्हणे!" ती हसली. "लिहिण्याचा स्पीड पण भारी आहे."

मी आधी लिहिलं हे तिला दिसलंच नव्हतं. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस असं काही बोलला की घरचे डॉक्टरची वेळ घेतात.

कुकरची शिट्टी झाली तशी ती स्वयंपाकघरात गेली. गिटार पलंगावर आडवी पडली होती. मी खाली वाकून तांबड्या डबीची चकती बारावर नेली. ती शेवटची पायरी होती.

बराच वेळ नुसती घरघर होती. मग रत्नदीपचा तुकडा सुरू झाला.

पलंगावरच्या तारा हलत नव्हत्या. मी त्यांच्यावर हात ठेवून पाहिलं.

धृपद झालं, पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी एक सूर घसरला आणि लगेच सावरला. प्रियांका घाबरली की तिचं असं होतं. घरात बसून ती घाबरत नाही, म्हणजे समोर माणसं असणार. मग तिसरं कडवं आलं. त्यात रत्नदीपनं आमच्या आईबद्दल लिहिलंय. वीटभट्टीवर राबणारी बाई साठाव्या वर्षी सही करायला शिकते, ते. त्याच्या दुसऱ्या ओळीत, आई पाटी मांडीवर घेते तिथे, गिटार थांबली.

सूर विरत गेला नाही, दोरा तोडावा तसा तुटला. मागची घरघरही तुटली.

मी वाट पाहिली. पुढे काहीच आलं नाही. हेडफोन काढला तेव्हा प्रियांका दारात उभी होती.

"काका, कधीची हाक मारतेय. वरणात गूळ चालेल ना?"

जेवताना मी तिच्या उजव्या हाताकडेच बघत होतो. चांगला धडधाकट हात, मनगटावर हिरवा धागा. हा हात मधेच का थांबेल? शॉक लागेल? चक्कर येईल? रत्नदीप असाच बोलता बोलता थांबला होता, तोंडातलं वाक्य अर्धं ठेवून.

"यंदा तिसरं कडवं गाळलं तर?" मी विचारलं.

सुमितनं मान वर केली. प्रियांकाचा घास हातातच राहिला.

"का?"

"गाणं लांबतं जरा."

"काका, लोक त्या कडव्यासाठी येतात. आजीचं कडवं आहे ते. बाबांनी तेच शेवटी लिहिलं." तिचा आवाज चढला. "तुम्हीच ना त्याच्या काना-मात्रा तपासल्यात?"

"तिथे तू थांबशील," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते निसटलंच.

"थांबले तर बघा! मायाताई थांबतील एक वेळ, मी नाही थांबायची."

त्या संध्याकाळी मी वहीत निकाल लिहिला : 'निळी चांगली. तांबडी परत करावी.' आयुष्यात जाणूनबुजून केलेली माझी ही एकच चुकीची दुरुस्ती. तिनं वाचलं, नवल केलं आणि मानलं. सोमवारी तांबडी डबी माजिवड्याला परत गेली.

पौर्णिमेच्या दिवशी मी दुपारीच विहाराशी पोचलो. सुमित आवाजाच्या यंत्रांची जोडणी करत होता. प्रत्येक वायरचा जोड मी त्याला दोनदा चिकटपट्टीनं गुंडाळायला लावला.

"सासरेबुवा, बस करा आता. अख्खी पट्टी संपली."

प्रियांकानं उभ्यानं वाजवायचं ठरवलं होतं. मी तिच्यासाठी खुर्ची मांडली. तिच्या शेजारी पाण्याची बाटली ठेवली, आणि मुख्य बटणाजवळ स्वतः बसलो. काही झालं तर आधी ते बंद करायचं.

वंदना झाली, भाषणं झाली. दिवस मावळता मावळता गाणं सुरू झालं. मायाताईंना काळी तीन सुखाची होती. निळ्या डबीचा सूर पातळ होता, पण नीट पोचत होता. बोट आधी पडत होतं, सूर मागून येत होता. मला हायसं वाटलं.

दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी तिचा सूर घसरला. लगेच सावरला.

मी बटणावर हात ठेवला.

तिसरं कडवं आलं. पहिली ओळ झाली. मी डोळे फक्त तिच्या हातावर ठेवले.

दुसरी ओळ. आई पाटी मांडीवर घेते.

गिटार थांबली.

मी उठलो. पण सुमित शांत उभा होता. मायाताईंचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. पुढच्या रांगेतल्या बाया मान डोलवत होत्या.

मी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

प्रियांकाचा हात तारांवर फिरतच होता.

तिनं माझ्याकडे पाहिलं, भुवया उडवल्या आणि हसली. बघा, थांबले का?

माझ्या अगदी कानाशी कुणाच्या तरी हातातला निळा फुगा फुटला. कडेवरचं बाळ दचकलं आणि तोंड पसरून रडू लागलं. त्याची आई दचकली, मागची माणसंही दचकली.

मी दचकलो नाही.