मधला माठ

या रे पोरांनो, जाळाजवळ सरका. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या शेजारच्या एलेउतेरियोची आहे. आता त्याची भट्टी बंद दिसते तुम्हाला. सहा वर्षांपूर्वी आमच्या खोऱ्यात मेस्काल, घायपाताची दारू, गाळावी तर त्यानेच.

मार्चची बारा तारीख, मंगळवार. बायकोने त्याची चाळणी परत द्यायला मला धाडलं होतं. खरं सांगतो, चाळणी हे निमित्त. त्याच्या लेकीचं कुणाशी जुळतंय ते मला काढून घ्यायचं होतं. तांब्याच्या हंड्याखाली जाळ होता, वेळूच्या नळीतून धार पडत होती, भिंतीशी तीन माठ. पहिल्यात पहिली धार, उग्र, नाक जाळणारी. ती माणसाने प्यायची नाही, डोळे जातात. मधल्यात मधली, ती प्यायची. तिसऱ्यात शेवटची, पुन्हा हंड्यात घालायची. माठांवर खूण नसते. जागा हीच खूण.

आम्ही एकमेकांच्या पोरांचे धर्मबाप, म्हणून हाक ‘कोंपाद्रे’.

“कोंपाद्रे, चाळणीबरोबर चौकशीही आलेली दिसते,” तो हसला आणि लाकडं आणायला मागे गेला. बसायला जागा करावी म्हणून मी दोन माठ सरकवले. त्याची पावलं ऐकली तसे घाईघाईने परत ठेवले.

तेवढ्यात नाबोर आला, तोही एलेउतेरियोचा कोंपाद्रे, त्याला शेतावर न्यायला बाटली हवी होती. एलेउतेरियोचं नाक सर्दीने चोंदलेलं. त्याने मधल्या जागेवरच्या माठातून बाटली भरून दिली.

तिसऱ्या दिवशी नाबोरला दिसेनासं झालं. पाचव्या दिवशी तो गेला. गाव म्हणालं, ढोसून मेला. त्याची बायको ओतिलिया मान खाली घालून ऐकत राहिली.

सर्दी उतरल्यावर एलेउतेरियोने मधला माठ हुंगला, तर आत पहिली धार. त्याला वाटलं, आपलाच हात चुकला. रडत माझ्याकडे आला. मी म्हणालो, होतं असं माणसाच्या हातून. एवढंच म्हणालो.

मग दोन एप्रिल. पुन्हा मंगळवार. रात्रीचे सव्वादोन. धार सोडून झोपता येत नाही, म्हणून तो भट्टीपाशी एकटाच जागा. कुत्रं भुंकता भुंकता गप्प झालं. भिंतीवर हात घासल्याचा आवाज आला... कुणीतरी चाचपडत येत होतं. उजेडात माणूस नव्हता. नुसता आवाज. पहिल्या माठावर बोट वाजलं. टक. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. मग...

“कोंपाद्रे... मधला कोणता?”

नाबोरचा आवाज.

पुन्हा पहिल्यापासून. टक. टक. टक.

“मधला कोणता?”

...

उजाडेपर्यंत.

तांबडं फुटताच तो ओतिलियाच्या दारात जाऊन गुडघ्यावर बसला. रात्रीचं सगळं सांगितलं, माझ्या हातून झालं म्हणाला, नाबोर दारुडा नव्हता, गावाला मीच सांगेन. मी कुंपणाआड उभा. ऐकायची सवय, दुसरं काय.

ओतिलिया ओरडली नाही. हळूच म्हणाली, “आणि मी रोज त्याच्या थडग्यापाशी जाऊन त्याला शिव्या देत होते.”

तेव्हा कुंपण ओलांडायचं होतं मला. चार पावलं होती. नाही ओलांडलं. त्याने गावासमोर मान झुकवली, भट्टी बंद केली, आणि मी सगळ्यांबरोबर ‘अरेरे’ म्हणालो. माठ कुणी हलवले ते आज पहिल्यांदा तोंडातून निघतंय, तेही तुमच्यापुढे. त्याच्यापुढे नाही.

त्या सकाळी घरी आलो, तर माझ्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीवर, ओल्या तळहातांचे ठसे. एकापुढे एक, आंधळ्याने वाट शोधावी तसे. वास उग्र, नाक जाळणारा. माझ्या दारापर्यंत आलेले.

परत गेलेला एकही नव्हता.