कार्बोरेटर कोणी काढला?

गुन्हेगार कितीही हुशार असो, निवृत्त फौजदाराच्या नजरेतून सुटणं त्याला अशक्य, असं फौजदार स्वतःच सांगत. त्या सकाळी हे वाक्य त्यांनी बायकोला ऐकवलं, तेव्हा त्यांच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

त्याच चपलांनिशी ते शेजारी धावले. शेजारची सून दारातून ओरडत होती, "काका, लवकर या! गाडीचा कार्बोरेटर चोरीला गेलाय!"

गाडी म्हणजे जुनी इंग्लिश मोटरसायकल. शेजारच्या मुलाने ती सुट्ट्या भागांच्या रूपात, खोक्यांत भरून आणली होती. जोडायच्या आधीच तो तापाने गेला. मागे राहिले वडील, बायको आणि खोकी. मग सासरे आणि सून यांनीच ती जोडायला घेतली. आज गाडी सुरू व्हायची होती आणि उद्या सून दुसऱ्या शहरात नोकरीला जायची होती. गाडी सुरू झाल्याशिवाय घर सोडणार नाही, असा शब्द तिने नवऱ्याच्या फोटोला दिला होता.

फौजदार गाडीपाशी वाकले. कार्बोरेटरच्या जागी इंजिनाला भोक, त्यात स्वच्छ फडक्याचा बोळा. बाजूच्या दोन्ही बोल्टांवर नट परत फिरवून ठेवलेले. नटांचे कोपरे शाबूत.

"संशय कोणावर, आप्पा?"

"कोपऱ्यावरच्या मेकॅनिकवर," सासरे म्हणाले. "गाडी मला द्या म्हणून कधीचा मागे लागलाय."

मेकॅनिकला बोलावलं. तो हात पुसत आला.

"तुझ्याकडे हिचे पाने आहेत?"

"कुठले साहेब! हिचे नट जुन्या इंग्लिश मापाचे. माझा पाना घसरतो आणि कोपरे खातो. मागे एकदा दुसऱ्या एका नटाला लावला, तर आप्पांनी माझा उद्धार केला."

"मग बरोबर बसणारे पाने?"

"त्या भिंतीवर," सून म्हणाली. "आम्ही दोघंच वापरतो."

"नट काढलास की कुठे ठेवतेस?"

"डब्यात टाकते आणि बोलणी खाते. ह्यांनी गाडी आणताना सगळे नट एकाच डब्यात कोंबले होते ना, ते निवडता निवडता आप्पा रडकुंडीला आले. तेव्हापासून आप्पा काढलेला नट लगेच परत जागेवर..."

ती थांबली. आप्पा भिंतीकडे बघत होते.

फौजदारांनी आपला ठेवणीतला करारी आवाज काढायचा प्रयत्न केला. तो निघाला नाही.

"चोर बाहेरचा नाही, कारण कोपरे शाबूत आहेत. त्याला गाडी बिघडवायची नव्हती, म्हणून धूळ जाऊ नये याची काळजी घेतली. आणि चोरी करतानाही नट जागच्या जागी लावणारा माणूस या घरात एकच आहे, आप्पा."

आप्पा आत गेले. परतले तेव्हा हातात मुलाचा स्वेटर होता, त्यात गुंडाळलेला कार्बोरेटर.

"आणि आळ माझ्यावर?" मेकॅनिक म्हणाला.

"तुझं काय रे, तुझ्यावर रोज कोणी ना कोणी घेतंच." मग आप्पांचा आवाज उतरला. "खोकी होती तोवर त्याचं काहीतरी बाकी होतं. संध्याकाळी आम्ही दोघं बसायचो, भांडायचो. आता भांडू कोणाशी?"

"मला सांगायचं ना, आप्पा," सून म्हणाली.

"सांगितलं असतं तर राहिली असतीस. तेही नको होतं. एखादा दिवस हवा होता, बस."

तिने भिंतीवरचा पाना घेऊन कार्बोरेटर बसवला. आप्पांनी किक मारली. गाडी खोकली, रुसली आणि मग धडधडत सुरू झाली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. आप्पांनी टाकीवर हात ठेवला.

बऱ्याच वेळाने त्यांनी गाडी बंद केली.

"शब्दातून सुटलीस तू. जा आता."

सुनेने पाना पुसून परत भिंतीवर टांगला. आप्पा तिच्या मागोमाग गेले.

"फक्त जायच्या आधी ते कपडे धुवायचं मशीन कसं लावायचं, तेवढं दाखव. मला त्यातलं काही कळत नाही."