कमानीखालचा डबा

"तुम्हीपण तोच डबा शोधताय का?"

ओढ्याकाठी दगड उलटेपालटे करणारी ती दचकली. मागे एक उंच माणूस उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात जाडजूड जीपीएस यंत्र. तो जमिनीची मोजणी करणारा. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी. छंद मात्र एकच... कुणीतरी डबा लपवतं, जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं. शोधणाऱ्यानं आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथे ठेवायचा. हा डबा दोन वर्षांत कुणालाच सापडला नव्हता.

"माझा तिसरा रविवार," ती म्हणाली. "ताई विचारते, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"माझा पाचवा. आईनं तर विचारणंच सोडलंय."

तिला हसू आलं. झाडीत शिरलं की तिच्या फोनवरचा ठिपका सैरावैरा पळायचा. त्याचं यंत्र जागा धरून राहायचं, पण त्यात त्यानं उतरवून घेतलेले नुसते आकडे. डबा लपवणाऱ्यानं दिलेली खूण होती ती तिच्या ॲपवर.

"तुम्ही पुढे चाला," ती म्हणाली, "मी वाचते."

यंत्र त्यांना जुन्या दगडी पुलाखाली घेऊन गेलं. घोटाभर पाण्यात तो थांबला.

"दर वेळी इथेच आणतं. पण इथे तर पाणीच आहे."

"खूण ऐका... 'पाणी छतावर लिहितं तिथे.'"

दोघांनी एकदमच मान वर केली.

उन्हाची तिरीप पाण्यावर पडली होती आणि कमानीच्या पोटावर उजेडाच्या रेघा थरथरत होत्या. उमटत होत्या, मोडत होत्या, पुन्हा उमटत होत्या... तिच्या अंगावर शहारा आला. आकाशात हजारो मैलांवर फिरणाऱ्या उपग्रहांनी दोन अनोळखी माणसांना नेमकं या एका कमानीखाली आणून उभं केलं होतं.

"पाच वेळा इथेच उभा होतो मी," तो हळूच म्हणाला. "वर बघायचं सुचलंच नाही."

त्यानं हातांची पायरी केली. त्याच्या खांद्याचा आधार घेत ती चढली, आणि दगडांच्या फटीत बोटांना गार पत्रा लागला.

खाली उतरून डब्यातल्या वहीत तिनं सही केली. त्याचं पेन मात्र कागदावर टेकून तसंच राहिलं.

"काय झालं?"

"शुक्रवारी बदली होऊन चाललोय... लांब. तासाभरापूर्वीपर्यंत त्याचं काहीच वाटत नव्हतं."

पायांभोवती पाणी खळखळत होतं. त्याच्या कपाळावरूनही उजेडाची एक रेघ सरकत होती.

"तिकडे एक डबा लपवा," ती शेवटी म्हणाली. "आकडे फक्त मला पाठवा."

"आणि खूण काय देऊ?"

"खूण नको." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "तिथे तुम्ही उभे राहा... मी येईन."

त्यानं वही गुडघ्यावर घेतली आणि तिच्या सहीला अगदी खेटून आपली सही केली.