पोटपट्ट्यावरचा बिल्ला

"एका वेलाला एकच फळ, सूनबाई. बाकीची बारीक असतानाच खुडायची. त्यांच्याकडं बघत बसायचं नाही." सासूला जाऊन कितीक वर्षं झाली, तरी काचघराचं दार सरकवलं की सुमिएला तिचा हा आवाज ऐकू यायचा.

जपानातल्या फुकुरोई गावच्या त्या काचघरात आता सुमिएची सून चिनात्सु खरबुजं पुसायची. तिला सातवा महिना लागलेला, ऑगस्टचं ऊन काचांतून ओतत असलेलं, आणि पोरगी घरात बसायला तयार नाही. मग सुमिएनं अट घातली. मानेमागं कॉलरला काडेपेटीएवढा बिल्ला लावायचा. भोवतीची उष्णता आणि दमटपणा तो मोजायचा, आणि आकडे बाहेर सावलीत बसलेल्या सुमिएच्या फोनवर यायचे. आकडा तांबडा झाला की चिनात्सुनं बाहेर यायचं.

त्या दुपारी आकडा तांबडा नव्हता. पण हलत होता. दमटपणा चढायचा, ओसरायचा. पुन्हा चढायचा, ओसरायचा. बघता बघता सुमिएचा स्वतःचा श्वास त्याच लयीत पडला, आणि ती दचकली.

"चिनात्सु! मागं कोण आहे तुझ्या?"

"खरबुजं आहेत, आई. शिस्तीत उभी आहेत."

"थट्टा पुरे. बाहेर ये."

सुमिएनं बिल्ल्याची बारीक जाळी कोरड्या कुंचल्यानं झाडली. फुंकर मारायची नसते. तोंडाची वाफ आत जाते. बॅटरी बदलली. मग ओलं मीठ घातलेल्या बरणीत बिल्ला ठेवून झाकण घट्ट लावलं. ओल्या मिठावरच्या हवेत दमटपणा पंचाहत्तर टक्केच असतो; तेवढा दाखवला तर बिल्ला खरा.

सकाळी पंचाहत्तर. ढिम्म.

"बघा, शहाणा आहे तो," चिनात्सु म्हणाली.

"तुझ्या नवऱ्यापेक्षा तरी नक्कीच."

एरवी यावर ती खळखळून हसली असती. आज हसली नाही.

सुमिए बिल्ला स्वतःच्या मानेला लावून साऱ्या रांगांतून फिरून आली. आकडा हलला नाही. चिनात्सुच्या मानेला लावला, आणि तिची पहिली रांग संपायच्या आत ते सुरू झालं.

सुमिए फोन घेऊन आत गेली. सुनेच्या मागं कुणी नव्हतं. पानसुद्धा हलत नव्हतं.

"मानेला काही लागतंय? ऊन ऊन?"

"नाही."

"नीट सांग."

"नाही म्हटलं ना, आई." फळावरचा तिचा हात मात्र थांबला होता.

सुमिएनं बिल्ला काढला आणि पोटाच्या पांढऱ्या पट्ट्याला अडकवला. पाचव्या महिन्यात, पंचांगातल्या कुत्र्याच्या शुभ दिवशी, कुत्रीसारखी सहज, सुखरूप सुटका व्हावी म्हणून तिनंच तो गुंडाळला होता.

"मागं नकोच. इथं माझ्या डोळ्यांपुढं राहू दे."

आकडा थांबला. सुमिएला हायसं वाटलं.

मग तो चढला. ओसरला.

आता लय बारीक होती. भरभर, तान्ह्या बाळाच्या श्वासासारखी.

सुमिएनं बिल्ल्यासमोर हवेत तळहात धरला. ऊब लागली. गेली. लागली.

"आई..." चिनात्सुचे ओठ कोरडे पडले होते. "बोलले की खरं होईल, म्हणून बोलले नाही."

"काय गं?"

"परवापासून ते पोटात हललेलं नाही."