अमृतच्या गाडीची खडखड

अमृतच्या मोटारसायकलची चेन नेमकी कालव्याच्या वळणाआधीच उतरली आणि तो गाडी ढकलत दैवशालाच्या दारात आला. ढकलत आला म्हणजे आवाज न करता आला. घोटाळा झाला तो तिथेच.

एरवी त्याच्या गाडीची खडखड वळणापासूनच ऐकू यायची. पेट्रोल वाचवायला तो तिथल्या उतारावर इंजिन बंद करायचा, मग सैल चेन तेवढी कव्हरवर आपटत राहायची. दुधाचे कॅन लटकवून तो मानवतच्या डेअरीकडे जायचा. वाटेत येडबांच्या म्हशीचं दूध घ्यायचा. ती खडखड ऐकली की दैवशाला, म्हणजे येडबांची धाकटी लेक, पटकन तोंड धुवायची, केस सारखे करायची आणि काही घडलंच नाही अशा थाटात दुधाची चरवी घेऊन उभी राहायची. आज मात्र ती अंगणात वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, गाडीची चेन ताणत बसलेली. हात काळेकुट्ट, कपाळावर ग्रीसचं बोट… आणि समोर तो! बाई गं, धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"पाना हाय का?" त्यानं विचारलं.

"पानाबी हाय अन् ताणणारीबी हाय. घ्या डबल स्टँडवर."

"तुमाला येतंय?"

"दादा पुण्याला गेल्यापासून आबांची गाडी मीच बघते. का, बायांनी ताणलेली चेन तुटती का?"

तो हसला आणि त्यानं कॅन उतरवले. तिनं चेन चक्राच्या दातांवर चढवली, मागच्या चाकाचा नट सैल केला आणि दोन्हीकडचे बारके बोल्ट थोडे-थोडे फिरवायला लागली. चाक सरळ बसावं म्हणून दोन्हीकडच्या खुणा सारख्या आहेत ना, हे तो वाकून बघत होता. इतका वाकला की त्याचा श्वास तिच्या गालाला लागला. दोघंही एकदम मागे सरले… आणि पुन्हा वाकले.

तिनं चेन खालून बोटानं दाबून पाहिली. "झालं बघा. बोटभर हालायलीय. बरुबर हाय."

"अजून थोडी सैल ऱ्हाऊ द्या की."

"सैल? आत्ताच उतरली ना तुमची!"

"न्हाई… म्हंजी… मला खडखडीची सवय हाय."

"ही कसली सवय म्हणायची?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कसला अजब माणूस, असं म्हणत तिनं नट गच्च आवळला. किक मारल्यावर गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघून गेली. दैवशाला कौतुकानं बघत राहिली. आपण काय करून बसलो, याचा तिला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाथरीचे पाव्हणे यायचे होते. मुलगी पसंत पडली तर त्याच बैठकीत सुपारी फोडायची, असं आबांनी कबूल केलं होतं. दैवशालाला कुणी विचारलं नव्हतं, आणि आबांपुढे तोंड उघडायची तिची छाती नव्हती. सकाळी ती म्हशीखाली बसली होती, धारेत लक्ष नव्हतं.

"वन्सं, तोंड कामून पाडलंय?" बबितावैनी भांडी घासता घासता म्हणाली. "पोरगा नोकरीवर हाय, शेत हाय. अजून काय पायजे?"

दैवशालानं कालव्याकडे कान दिला. खडखड नव्हती. म्हणजे अजून वेळ होता.

"वैनी, मला त्याच्याशी करायचंच न्हाई. केलं तर ह्या दूधवाल्याशी करीन. अमृतशी. त्याची गाडी वाजली की माझा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई. आता येडी म्हण न्हाईतर काय म्हण."

वैनीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं आणि नजर दैवशालाच्या पाठीमागे खिळली. दैवशालानं वळून पाहिलं.

अमृत उभा होता. हातात कॅन, आणि दारात त्याची गाडी, कधी आली कुणास ठाऊक; काल तिनंच ताणलेली चेन वाजलीच नव्हती.

धार चरवी सोडून तिच्याच पायावर पडली. पळावं तर मांडीत चरवी, पुढे म्हैस.

"कवा… कवा आलात?"

"मघाशी."

"काय ऐकलं?"

"समदं."

अमृतनं कॅन खाली ठेवला. "आई रोज कावती, चेन ताण म्हणून. डेअरीतले हसतेत. पण खडखड ऐकली की तुमी केस नीट करून भाईर येता. ताणली असती तर तुमाला कसं कळलं असतं, मी आलोय म्हणून?"

आता दैवशालाच आ वासून बघायला लागली. "म्हंजी तुमाला मालूम व्हतं?"

"लय दिवसांपासून."

"अन् बोलला न्हाईत!"

"तुमी तरी कुठं बोललात…"

एवढ्यात शेळ्यांच्या कुडामागे खाकरल्याचा आवाज आला. काखेत करडू घेतलेले आबा बाहेर आले. वैनीनं पदर डोक्यावर ओढला. अमृतच्या तोंडचं पाणी पळालं. आबा कुडाशीच होते, म्हणजे त्यांनीही सगळं ऐकलं होतं.

आबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लेकीकडे बघत म्हणाले, "मंग पाथरीवाल्यायला काय सांगू?"

हे तिला जन्मात पहिल्यांदा कुणी विचारत होतं. चरवी बाजूला ठेवून ती उठली.

"येऊ नका म्हणावं, आबा."

आबांनी करडू खाली सोडलं, खिशातून मोबाइल अन् पाथरीवाल्यांच्या नंबराची चिठ्ठी काढली आणि अमृतपुढे धरली. "नंबर लावून दे. मला बिगरचष्म्याचं दिसत न्हाई."

अमृतनं फोन घेतला. घाईघाईत त्याचा नंबर पुन्हा पुन्हा चुकायला लागला. शेवटी दैवशालानं ओले हात परकराला पुसले, त्याच्या हातातून फोन घेतला आणि पाथरीचा नंबर स्वतःच लावला.