चार गोऱ्या पोरांच्या गाण्याला जमनीचा डफ

आर्णीच्या झेरॉक्सच्या दुकानात वीज येण्याची वाट बघत मी काउंटरवर बोटांनी ताल धरला होता. शेजारी एक उंच मुलगा चार झिपऱ्या गोऱ्या पोरांचा फोटो घेऊन उभा. त्याने फोटो सोडून माझ्या बोटांकडेच बघत राहावं... जरा अतीच होतं.

"काय पाहून राह्यला?"

"ताल. कुठं शिकली?"

"तांड्यात. माहा बा होळीले डफ वाजवते. मी चोरून." मी फोटोकडे बघितलं. "अन् हे कोन? तुह्या काकाच्या वरातीतले बँडवाले?"

तो हसला. गालावर खळी, मेल्याच्या.

"बीटल्स. साठ वर्षांपूर्वी साऱ्या जगाले येडं केलं यांनी. अन् चौघांतल्या एकालेही नोटेशन वाचता येत नव्हतं."

"आमच्या तांड्यातही कोणाले येत नाई."

"मंग जमलंच की आपलं."

त्याचं नाव नयन. वाचनालयाच्या हॉलमध्ये त्याला या चौघांची गोष्ट सांगायची होती, गिटारवर गाणी वाजवत. ताल धरणारं मात्र कुणी नव्हतं. मी हो म्हणून बसले. आमच्याकडे डफ पुरुषांनी वाजवायचा. बाला कळलं असतं, तर डफ पुन्हा माझ्या हाती लागला नसता.

तरी महिनाभर नयनच्या गोठ्यात तालीम झाली. तो चुकला की माझ्याकडे बघायचा, आणि माझ्याकडे बघितलं की चुकायचा.

कार्यक्रमाच्या दिवशी मी बाचा डफ गुपचूप आणला. नयनने तो मोठ्या मायेने ओल्या फडक्याने पुसला.

"चामड्याले पाणी लावलं तू?" मी थाप मारली, नुसतं भद्द वाजलं. "आता बोलत राह्य तिकडं. मी येते... आली तर."

हॉलमागे कपाशीची वाळकी पऱ्हाटी पेटवून मी डफ शेकायला बसले. तेवढ्यात समोर बा — डफ शोधत आलेला. त्याने तो माझ्या हातून काढून घेतला. संपलं सगळं, मला वाटलं.

भोंग्यावर नयनचा आवाज अडखळत होता. "...त्यांचा ड्रमवाला एकदा सोडून गेला. तिघांनी त्याले परत बोलावलं. तो आला तं त्याचे ड्रम फुलांनी सजवले होते. माह्याजवळ फुलं नाईत... चूक मात्र माही आहे. जमनी, ये ना. तू मले आवडते. डफ नसला तरी आवडते."

बाच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत होईना.

"इतका जवळ नाई धरत. चामडं फाटते," बा म्हणाला. जाळावर दुरून डफ फिरवत त्याने टिचकी मारली. खणखणीत वाजला. "कधीपासून वाजवते?"

"लहानपणापासून."

"अन् मले ऐकूही नाई येऊ दिलं." त्याने डफ माझ्या हातात दिला. "जा. पोरगं बोलावून राह्यलं."

मी मंचावर गेले तेव्हा नयनचे कान लालबुंद झाले होते.

"डफासाठी आली?" त्याने हळूच विचारलं.

"तुह्यासाठीही. आता वाजव."

तिसऱ्या गाण्याला सगळा हॉल उभा राहिला. मागच्या दारातून बा ओरडला, "जोरात, जमनी!" आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर, हात दुखेपर्यंत वाजवलं.