चार बोटं साल

हर्षलचं लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. नवरदेवाची हळद उतरते न उतरते तोच त्याची धाकटी बहीण वेदिका दिंडोरीहून निघाली, ती थेट बोर्निओच्या जंगलात. औषधी झाडांवर सहा महिन्यांचं संशोधन होतं. डोंगरातल्या एका झाडाच्या सालीत तापावरचं द्रव्य असावं असा अंदाज होता.

जुलैत तिनं पहिली साल काढली. पोर द्राक्षबागेत वाढलेली! मणी फुगावा म्हणून तिचे आजोबा, पुंजाआबा, वेलीच्या खोडाभोवती सालीचं बारीक कडं काढत, आणि महिन्याभरात जखम भरून येई. तिनंही तसंच कडं काढलं, फक्त रुंद. ती साल तपासणीत संपली. आता आणखी शंभर ग्रॅम मिळाली तरच काम पुढे चालणार होतं.

नोव्हेंबरात पुन्हा त्या झाडाकडे निघण्याआधी तिनं आबांना फोन करून कड्याचं सांगितलं.

"कडं किती रुंद काढलं व्हतं?"

"चार बोटं."

पलीकडे खोकल्याची उबळ आली. "गव्हाच्या काडीएवढं काढायचं आस्तं, वेदे. मेलं आसंल ते झाड."

"तुम्ही काय बघून आलात का, आबा?"

"तू बघून ये. मग सांग मला."

सोबत वाटाड्या जुगा, साठीचा. त्याला इंग्रजीचे वीसेक शब्द येत, तेवढ्यावरच दोघांचं बोलणं. दोन दिवस चिखल, वेत, उभा चढ. जळू उपटताना ती "आई गं" म्हणाली, तेव्हा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

तिसऱ्या दिवशी नदी आडवी आली. जुगानं दोर बांधला. मधोमध तिचा पाय निसटला! पाणी गळ्याशी आलं. दोर तळहात कापू लागला. जुगानं पाठपिशवीचा पट्टा धरून तिला काठावर ओढलं.

"दगडसुद्धा तुझ्यापेक्षा बरा पोहतो," तो हातवारे करत म्हणाला.

जुलैतलं झाड उभं होतं, पण सालीच्या कड्याच्या वर एक पान नव्हतं. साल बोटानं दाबली तर भुगा झाला. दहा पावलांवर त्याच जातीचं दुसरं होतं, मांडीएवढ्या खोडाचं, हिरवंगार.

"या खोऱ्यात हे शेवटचं," जुगानं कोयता पुढे केला. "घे."

शंभर ग्रॅम म्हणजे पुन्हा पुरतं कडं. वेदिका बराच वेळ खोडाला हात लावून उभी राहिली. मग तिनं एका बाजूनं वीतभर लांब, बोटभर रुंद उभी पट्टी काढली आणि जखमेवर चिखल लिंपला. पट्टी अठरा ग्रॅम भरली.

"एवढ्यासाठी आलो?"

"एवढ्यासाठीच."

परतीला नदीनं दोर नेला होता. पाणी उतरेपर्यंत दोन दिवस ती काठावर बसून होती. आबांना काय सांगायचं ते ती मोठ्यानं घोकत होती: "आबा, मेलंच होतं ते. तुमचं खरं. पण दुसरं राखलं." जुगा न कळता मान डोलवत होता.

संशोधन केंद्रात परतल्यावर, अठरा ग्रॅम पुरणार नाहीत म्हणून काम बंद झाल्याचं सांगण्यात आलं. तिनं फोन चार्जिंगला लावला. हर्षलचे अकरा कॉल येऊन गेले होते.

पुंजाआबा आठ नोव्हेंबरला, शुक्रवारी सकाळी, बागेच्या बांधावर वारले. त्या दिवशी वेदिका नदीकाठी बसली होती.